गोठ्यातून आभाळात काय जातं? दूध, मटण, अंडी आणि पर्यावरण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं लहानपण माणदेशात गेलं. दारात दोन म्हशी आणि खिलार बैलांची जोडी होती. आता शहरात राहतो आणि पशुपालनावर लिहितो, बोलतो. कुठेही बोलायला गेलो की पुढे येणारे प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. जगाचे आकडे वेगळे आणि आपल्याकडचे वेगळे ठेवले आहेत, कारण बहुतेक गोंधळ ते एकमेकांत मिसळल्यामुळे होतो.

गाई-म्हशींमुळे पृथ्वी तापते, हे खरं आहे का?

खरं आहे, पण किती, यावर मोजणाऱ्यांचंही एकमत नाही. माणसांमुळे हवेत जाणाऱ्या एकूण तापवायूंपैकी (म्हणजे पृथ्वी तापवणाऱ्या कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशा वायूंपैकी) पशुपालनाचा वाटा संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २००६ मध्ये १८ टक्के सांगितला, २०१३ मध्ये साडेचौदा टक्के आणि २०२३ च्या अहवालात १२ टक्क्यांच्या आसपास. मोजायची रीत बदलली की आकडा बदलतो. मात्र अगदी खालचा आकडा धरला, तरी तो दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही.

भारताच्या हिशेबात शेती-पशुपालनाचा मिळून वाटा १४ टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग जनावरांच्या पोटातल्या मिथेनचा आहे. आपल्याकडे सगळ्यात जास्त तापवायू येतो तो वीज, कारखाने आणि वाहनांच्या इंधनातून. गोठ्याकडे बोट दाखवताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

गाय पादते म्हणून मिथेन होतो ना?

नाही, ढेकरेतून. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिल्या मोठ्या कप्प्यात कडबा, गवत, भुसा कुजत राहतो आणि तिथले सूक्ष्मजीव हे काम करताना मिथेन तयार करतात. त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त तोंडावाटे बाहेर पडतो. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांच्यात हे घडतं. कोंबडी आणि डुक्कर रवंथ करत नाहीत, त्यामुळे त्यांचं गणित वेगळं आहे.

हाच कप्पा जनावराचं मोठं सामर्थ्यही आहे. ज्वारीचं कणीस आपण घेतो, उरलेलं ताट आपल्या पोटाला निरुपयोगी असतं. म्हैस त्याचं दूध करून देते. जगभरात जनावरं जे खातात त्यातला ८६ टक्के भाग माणसाला खाता न येणारा असतो. मिथेन ही या सोयीची किंमत आहे.

मिथेन तर दहा-बारा वर्षांत नाहीसा होतो. मग एवढी काळजी का?

गळक्या हौदाचं उदाहरण घ्या. हौदाला खाली भोक आहे आणि वरून नळ चालू आहे. नळ आहे तेवढाच राहिला तर पाण्याची पातळी एका जागी थांबते. नळ वाढवला की चढते, कमी केला की उतरते. मिथेन असा आहे. कार्बन डायऑक्साइडच्या हौदाला जवळपास भोकच नाही, त्यात पडलेलं शतकानुशतकं साठत जातं.

शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन २७ ते ३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा तापवतो आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास. म्हणून जनावरांची संख्या स्थिर असलेल्या देशाने ‘आमच्यामुळे नवीन काही तापत नाही’ म्हणणं अर्धं खरं आहे. पातळी चढत नसेल, पण हौद भरलेलाच आहे. आणि नळ थोडा बंद केला तर त्याचा परिणाम आपल्याच हयातीत दिसेल.

आम्ही शाकाहारी आहोत. आमचा काय संबंध?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, बहुधा थोड्या अभिमानाने. उत्तर ऐकून काही जण नाराज होतात.

भारतात माणशी मांस वर्षाला सात किलोच्या आसपास पडतं. अमेरिकेत ते शंभर किलोंच्या वर आहे. ब्राझीलमध्ये ॲमेझॉनचं जंगल तोडून गुरांची कुरणं केली जातात आणि तिथल्या जंगलतोडीचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. ही गोष्ट जशीच्या तशी उचलून सोलापूर-साताऱ्याला लावता येत नाही. आपल्याकडे गोमांसासाठी गुरं पाळायचा धंदा नाही. आपल्याकडे गोठा उभा आहे तो दुधासाठी. २०२३-२४ मध्ये देशात २३.९ कोटी टन दूध झालं, जगातल्या एकूण दुधाच्या जवळपास चौथा हिस्सा. माणशी रोज ४७१ ग्रॅम. २०१९ च्या पशुगणनेत १९ कोटींहून जास्त गाई-बैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी-रेडे मोजले गेले.

म्हणजे भारतातल्या गोठ्याचा मिथेन मुख्यतः चहा, दही, तूप, पनीर आणि पेढ्यांचा आहे. दूध पिणाऱ्याने मटण खाणाऱ्याला पर्यावरणावरून बोल लावू नयेत, असं मला मनापासून वाटतं. रोज लिटरभर दूध आणि आठवड्याला पाव-अर्धा किलो पनीर घेणाऱ्या घराचा भार महिन्यातून एकदा कोंबडी शिजवणाऱ्या घरापेक्षा बराच जास्त असतो. पनीरच्या एका किलोला पाच-सहा लिटर दूध लागतं.

मग कोणत्या पदार्थाचा भार किती?

२०१८ मध्ये ११९ देशांतल्या जवळपास ३८,७०० शेतांच्या माहितीवरून मोठा अभ्यास झाला. त्याच्या जागतिक सरासरीनुसार मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या एका किलो गोमांसामागे १०० किलोंच्या आसपास कार्बन डायऑक्साइडएवढा भार येतो. मेंढीच्या मांसाचा ४०, कोंबडीचा १०, अंड्यांचा पाचच्या आत, दुधाचा तीनच्या थोडा वर. कडधान्यांचा एक-दोन किलोच. जगाची सरासरी आहे, आपल्या गावच्या शेळीला ती तंतोतंत लागणार नाही. पण क्रम साधारण तोच राहतो.

देशी गाय चांगली की जर्सी-होल्स्टीन?

या प्रश्नावर भांडणं होतात, म्हणून आधी हिशेब मांडतो. तापवायू मोजायच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत भारतीय उपखंडातल्या दुभत्या गाईमागे वर्षाला ५८ किलो मिथेन धरला आहे आणि तिचं दूध वर्षाला ९०० किलो. उत्तर अमेरिकेतल्या गाईमागे मिथेन सव्वाशे किलोंच्या आसपास आणि दूध ८,४०० किलो. भागाकार केला तर आपल्याकडे एका लिटरमागे साधारण ६४ ग्रॅम मिथेन, तिकडे १५ ग्रॅम. आपली एक गाय कमी ढेकर देते, पण आपलं एक लिटर दूध चौपट मिथेन घेऊन येतं.

याचं कारण सोपं आहे. जनावराला जिवंत राहायलाच बराच चारा लागतो. त्याच्या वर जे जातं त्याचं दूध होतं. रोज दोन लिटर देणारी गाय बहुतेक चारा स्वतःला जगवण्यातच संपवते.

म्हणून सगळ्यांनी होल्स्टीन आणाव्यात का? मी तसं म्हणणार नाही. देशात संकरित गाय सरासरी आठ लिटरच्या आसपास देते आणि गावठी गाय साडेतीनच्या आसपास, हे खरं. पण संकरित गाईला उन्हाचा त्रास होतो, पंखे-फॉगर लागतात, खुराक जास्त, औषधं जास्त. वैशाखात मराठवाड्यात धापा टाकणारी होल्स्टीन पाहिली की कागदावरचा आकडा अपुरा वाटतो. वरच्या भागाकारात बैलाचं काम आणि शेणखत धरलेलं नाही, हेही खरं. लाल कंधारी, डांगी, खिलार या जाती शेतीकामासाठी घडल्या, देवणी काम आणि दूध दोन्हींसाठी. त्यांना फक्त दुधाच्या मापाने मोजणं अन्याय आहे. माझं मत विचाराल तर पाणी आणि चारा बारमाही असेल तिथे चांगली संकरित गाय, कोरडवाहूत पंढरपुरी म्हैस किंवा निवडलेली देशी गाय. आणि कुठलंही जनावर असो, दोनच ठेवा पण पोटभर खाऊ घाला. अर्धपोटी सहा जनावरांचं दूध पोटभर दोघींएवढं भरतं, मिथेन मात्र सहांचा निघतो.

भाकड जनावरांचं काय?

हा विषय निघाला की सभेत शांतता पसरते. महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी आहे, मार्च २०१५ पासून ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. म्हशींना ती लागू नाही. धर्म आणि राजकारण बाजूला ठेवून फक्त चाऱ्याचा हिशेब केला, तर तीनशे किलोचं जनावर दिवसाला सात-आठ किलो कोरडा चारा खातं, मग ते दूध देवो वा न देवो. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचं कामही गेलं. २०१२ ते २०१९ या सात वर्षांत देशातल्या बैल-वळूंची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटली. ज्याला पोसणं परवडत नाही तो शेतकरी जनावर सोडून देतो आणि ते दुसऱ्याच्या पिकात शिरतं किंवा शहराच्या कचराकुंडीवर प्लास्टिक खातं. यात ना गाईचं भलं आहे, ना रानाचं.

मला पटणारा उपाय कायद्याच्या वादात नाही, रेतनात आहे. लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरली की दहातल्या नऊ वेळा कालवडच होते. नको असलेला गोऱ्हा जन्मालाच येत नाही.

एक किलो मटणाला हजारो लिटर पाणी लागतं, हे खरं का?

आकडे खरे आहेत, अर्थ चुकीचा लावला जातो. जागतिक सरासरीने गोमांसाला किलोमागे १५,००० लिटरहून जास्त, कोंबडीला ४,३०० च्या आसपास, दुधाला लिटरमागे हजारेक. पण यातला बहुतांश भाग गवतावर आणि पिकावर पडलेला पाऊस आहे. तो जनावर नसतं तरी पडलाच असता. आणि एक गंमत कुणी सांगत नाही: कडधान्याच्या एका किलोलाही चार हजार लिटर लागतात. फरक प्रथिनांच्या हिशेबात दिसतो. एक ग्रॅम प्रथिनाला कडधान्यात १९ लिटर, दुधात ३१, कोंबडीत ३४ आणि गोमांसात ११२.

महाराष्ट्रात विचारायचा प्रश्न वेगळा आहे: चाऱ्याला कुठलं पाणी लागलं? कडबा हा ज्वारीबरोबर फुकट येतो, रब्बीच्या ओलीवर. लसूणघास आणि हत्ती गवत मात्र बारमाही पाणी पितात, आणि दुष्काळी तालुक्यात ते पाणी सहाशे-सातशे फुटांवरच्या बोअरचं असतं. ज्वारीची जागा सोयाबीन आणि कापसाने घेतली तसा कडबा आटला. तो आटला म्हणून बोअरवरचा हिरवा चारा वाढला. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात चारा छावण्या लागल्या, तिथे लोक जनावरांसोबत महिनोन्‌महिने राहिले आणि ट्रकांनी उसाचं वाढं आलं. त्या उसालाही कुणाच्या तरी धरणाचं पाणी लागलं होतं. दुधाचा पाण्याशी संबंध मला पुस्तकात नाही, छावणीच्या रांगेत कळला.

कोंबडी आणि अंडी तर हलकी ना?

तापवायूच्या हिशेबात हो. ब्रॉयलर कोंबडीला किलोभर वजन वाढवायला दीड ते पावणेदोन किलो खाद्य पुरतं. पण ते खाद्य मका आणि सोयाबीनची पेंड आहे, कडबा नाही. म्हणजे शेतजमीन लागतेच. शिवाय शेडशेजारी राहणाऱ्यांना माश्या आणि अमोनियाचा वास सोसावा लागतो, आणि प्रतिजैविकांचा सढळ वापर हा वेगळाच धोका आहे. माणसाच्या गंभीर आजारात शेवटचा उपाय म्हणून राखलेलं कोलिस्टिन पूर्वी कोंबड्यांची वाढ व्हावी म्हणून दिलं जायचं. जुलै २०१९ मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, ते फार बरं झालं.

शेळ्या-मेंढ्या रान संपवतात, असं म्हणतात.

शेळी कोवळा शेंडा खाते, त्यामुळे नवं रोप वाढत नाही, हे खरं. राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदीसोबत चराईबंदी केली आणि डोंगर पुन्हा हिरवे झाले. हिवरे बाजारमध्ये गवत कापून आणून जनावरं बांधून पोसायला लागल्यावर दूध कमी न होता कित्येक पटींनी वाढलं.

पण त्यावरून धनगरांना दोष देणाऱ्यांशी माझं जमत नाही. दख्खनचा माळ हे जंगल नाही, गवताळ परिसंस्था आहे. तिथे माळढोक, लांडगा, काळवीट शतकानुशतकं चरणाऱ्या कळपांसोबत राहिले. दसऱ्यानंतर मेंढरं खाली उतरतात, शेतकरी त्यांना रात्रभर वावरात बसवतात आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. लेंडीखत थेट जमिनीत जातं, ना गाडीभाडं, ना युरिया. सरकारी दप्तरात मात्र या माळांना पडीक म्हटलं गेलं, त्यावर झाडं लावली गेली, गायरानांवर अतिक्रमणं झाली. जागा आक्रसली की उरलेल्या तुकड्यावर चराईचा ताण येतो, आणि दोष मेंढरांवर जातो.

शेण म्हणजे खत, ते प्रदूषण कसं?

शेत जवळ असेल तर खत, शेत नसेल तर प्रदूषण. मुंबईइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं नाही. शहरातल्या तबेल्यांची घाण आणि भेसळीचं दूध यातून सुटका म्हणून दारा खुरोडींच्या पुढाकाराने १९४९ मध्ये आरे कॉलनी उभी राहिली आणि हजारो म्हशी तिथे हलवल्या. तरी उपनगरांत तबेले राहिलेच, आणि दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी या नद्यांत शेणमूत वाहत राहिलं. तेच शेण खेड्यात कुणी वाया घालवलं नसतं.

उकिरड्यावर कोरडं साठवलेलं शेण मिथेन कमी सोडतं. पाणी मारून खड्ड्यात सोडलेलं शेण जास्त सोडतं, कारण तिथे हवा पोचत नाही. तोच मिथेन झाकणाखाली धरला की गोबरगॅस. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज साधारण ५० किलो शेण, म्हणजे चार-पाच जनावरं लागतात आणि पाच-सहा माणसांचा स्वयंपाक होतो. उरलेली पातळ स्लरी खत म्हणून शेतात जाते. बंद पडलेली संयंत्रं मी गावोगाव पाहिली आहेत. बहुतेक ठिकाणी कारण एकच होतं: दुरुस्त करणारा माणूस जवळ नव्हता.

गिधाडं आणि गोठा यांचा काय संबंध?

फार जवळचा, आणि मला सर्वात जास्त हळहळ वाटते ती याच गोष्टीची. लहानपणी गावाबाहेरच्या ढोरफोडीवर पन्नास-साठ गिधाडं उतरताना मी पाहिली आहेत. तासाभरात हाडं उघडी व्हायची. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त संपली.

कारण २००४ मध्ये सापडलं: जनावरांच्या सुजेवर, तापावर टोचलं जाणारं डायक्लोफिनॅक. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत मेलेलं जनावर गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००६ मध्ये पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात होत्या, म्हणून २०१५ मध्ये त्यांचा आकारही तीन मिलिलिटरवर आणला. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाली. त्यांच्याऐवजी देता येणारं मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे.

गिधाडं गेल्यावर मढी सडू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणवठे घाण झाले. २०२४ मध्ये दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला की २००० ते २००५ या काळात त्यामुळे देशात माणसांचे सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू झाले. रायगडमध्ये म्हसळ्याजवळ चिरगावला लोकांनी गिधाडांची वसाहत जपली आहे. जनावराला इंजेक्शन देताना डॉक्टरांना औषधाचं नाव विचारा, एवढी विनंती आहे.

डेन्मार्कसारखा गाईंवर कर आपल्याकडे येईल का?

तिथे जनावरांच्या तापवायूंवर कर लावायचा करार २०२४ मध्ये झाला, कर २०३० पासून लागेल. न्यूझीलंडने अशीच योजना आखली आणि २०२४ मध्ये गुंडाळली. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत शंभरहून जास्त देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्के कमी करायची शपथ घेतली, त्यात भारत सामील झाला नाही. माझ्या मते ते योग्यच होतं. दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या बाईवर कर लावून हवा सुधारणार नाही.

मिथेन कमी करणारं खाद्य मिळतं का?

संशोधन बरंच पुढे गेलं आहे. एका लाल समुद्री शेवाळाने प्रयोगांत मिथेन ८० टक्क्यांपर्यंत घटला, पण ते पुरेसं पिकवणं अवघड आहे. बंगळूरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य केलं, त्याने १७ ते २० टक्के घट दिसली. पण त्याहून स्वस्त गोष्ट संतुलित आहार आहे. नुसत्या कडब्यावरच्या म्हशीला पेंड आणि खनिज मिश्रण मिळालं, तर लिटरमागचा मिथेन कमी होतो आणि दूध वाढतं.

सोया दूध, बदाम दूध घ्यावं का?

परवडत असेल आणि आवडत असेल तर घ्या, सोया दुधाचा भार गाईच्या दुधाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नसतो. बदाम मात्र पाणी फार पितो. नाचणी, तीळ, हरभरा, मटकी हे आपल्याकडे आधीपासून आहेच.

मी शहरात राहतो. नक्की काय करू?

दूध फेकू नका, नासलं तर पनीर करा. लग्नात पनीरच्या तीन भाज्या ठेवू नका. आठवड्यातले दोन दिवस मटणाऐवजी उसळ किंवा अंडी चालत असतील तर करून पाहा. ज्वारीची भाकरी खा. तिच्यामागे कुणाच्या तरी गोठ्यात कडबा जातो.

माझ्याकडे तीन-चार जनावरं आहेत. मी काय करू?

वर्षाला एक वासरू होईल असं बघा, कारण दोन वेतांमधलं अंतर लांबलं की भाकड दिवसांचा चारा फुकट जातो. खनिज मिश्रण रोज, दुभत्या जनावराला पन्नास-साठ ग्रॅम. जंताचं औषध वेळेवर. कडबा अख्खा टाकू नका, कुट्टी करून घाला, पायदळी जाणारा बराच वाचतो. पावसाळ्यातल्या मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) करून ठेवला तर उन्हाळ्यात बोअर उपसावी लागत नाही. आणि गोबरगॅस बसवणार असाल, तर आधी तालुक्यात तो दुरुस्त करणारा कोण आहे ते विचारून या, मगच खड्डा खणा.